साडेदहाचा अपशकुन

ओझरच्या अलीकडे आग्रा रोडला चिकटून बोरमळा नावाची वस्ती आहे. पंधरा-वीस घरं, सगळी झेंडू, शेवंती आणि भाजीपाल्यावर जगणारी. घरं रस्त्याच्या या अंगाला. शाळा त्या अंगाला, आणि पाण्याची विहीरही त्याच अंगाला. असा उफराटा कारभार कोणी केला म्हणाल, तर कोणीच केला नाही. वस्ती आधीची, शाळा आधीची, विहीर तर आज्या-पणज्यांच्या वेळची. रस्ता तेवढा मागाहून रुंद झाला आणि मधोमध येऊन बसला.

बरं, बसला तर बसला. पण त्याच्यावरून जाणारी ती वाहनं! ट्रक काय, टेम्पो काय, कारखान्याच्या बसा काय, जो तो आपला वाघ मागं लागल्यागत पळतोय. ड्रायव्हरांना कोणी समजावायला जावं, तर ते आपल्याहून शहाणे. हळू चालवलं की झोप येते म्हणे. हळू गाडीला मागचा ठोकतो म्हणे. आणि मरण कपाळावर लिहिलेलं असलं तर ते उभ्या गाडीतही येतं म्हणे. आता याच्यावर काय बोलणार, कपाळ?

सरपंच मोतीराम तसा खटपट्या माणूस. त्यानं खेटे घालून शाळेजवळ पाटी लावून आणली, 'शाळा पुढे आहे, वाहने सावकाश हाका'. आठव्या दिवशी एका ट्रकनं ती पाटी आडवी केली. मोतीराम रस्त्याच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेला तर साहेब म्हणाले, "बघा, रस्त्याच्या कडेला काही उभं करणं किती धोक्याचं असतं!" मग मोतीरामनं गतिरोधक मागितला. साहेबांनी विचारलं, "या जागी आजवर मयत किती?" मोतीराम छाती फुगवून म्हणाला, "एकसुद्धा नाही, साहेब." साहेबांनी फाइल मिटली. बिचारा मोतीराम खाली मान घालून परत आला, जणू काही गावच कुठं कमी पडलं होतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. जूनमध्ये शाळा उघडली आणि नवसाबाईची नात दिशा तिसरीत गेली. नवसाबाईचा मुलगा आणि सून उजाडायच्या आत फुलं तोडायला वावरात जायची आणि मग माल घेऊन नाशिकला. तेव्हा पोरीला रस्त्यापलीकडं सोडायचं आणि येताना हंडाभर पाणी आणायचं, ही दोन कामं नवसाबाईची. बाई पन्नाशीची, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. नवरा साप चावून गेला त्याला अठरा वर्षं झाली होती.

एके दिवशी सकाळी साडेदहाला ती कडेला उभी होती. कमरेवर जर्मनचा हंडा, शेजारी दिशा आणि शेजारच्या घरातली पहिलीतली सृष्टी. रस्ता मोकळा दिसला म्हणून दोघी पोरी हात सोडून पळाल्या. तेवढ्यात पिंपळगावकडून टमाट्यांनी भरलेली टाटा चारशे सात आली. हॉर्न वाजला, पण वेग काही कमी होईना. पोरींच्या मागून नवसाबाई बोंबलत रस्त्यावर धावली, आणि काय आश्चर्य! करकचून ब्रेक लागले, चार क्रेट टमाटे रस्त्यावर सांडले आणि गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

गाडीतून वाल्मीक उतरला. हा वाल्मीक याच वस्तीतला. पिंपळगाव ते नाशिक वीस मिनिटांत मारतो, ही त्याची ख्याती. अन् ती पहिलीतली सृष्टी त्याचीच पोरगी.

"काकू!" वाल्मीक कपाळावर हात मारून ओरडला. "अगं, काय हे? मालाची गाडी हाय अन् तू सकाळच्या पारी आडवी? तू ही अशी, त्यात हंडा रिकामा!"

"मेल्या, पोरी दिसल्या नाय का तुला?"

"दिसल्या ना. पोरी काय, हॉर्न दिला की पळत्यात."

"त्यातली एक तुझी सृष्टी व्हती."

वाल्मीकनं पलीकडं पाहिलं. सृष्टी शाळेच्या फाटकातून बापाला हात करत होती. त्यानंही हात केला. "ती व्हय?" तो म्हणाला. "स्पीडमधी कुठं वळखू येतं, काकू. स्पीडमधी सगळी पोरं सारखीच दिसत्यात."

मग त्यानं टमाटे गोळा केले, चाकांवर पाणी मारलं, गाडीपुढं टांगलेल्या लिंबाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि पाच मिनिटं गाडी नुसती उभी ठेवली. अपशकुन झाल्यावर लगेच निघू नये म्हणतात.

नवसाबाई विहिरीवर गेली आणि काठावर बसून रडली. 'तू ही अशी' म्हणजे कशी, हे तिला कोणी फोडून सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षं ती हेच ऐकत होती. स्वतःच्या मुलाच्या लग्नात ती मांडवाकडं पाठ करून चुलीपाशी बसली होती. कोणी गावाला निघालं की ही आपणहून दाराआड व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वस्तीतल्या घराघरांत तिच्या वावरातली फुलं जायची, पण ती मागच्या दारानं, आणि तिला स्वतःला बोलावणं कधीच नाही. ती सगळ्यांना कळेल अशा शिव्या देणारी बाई. पण याच्यावर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

रडून झालं, नाक पुसलं, पोहरा विहिरीत सोडला. पोहरा अर्ध्यावर आला आणि तिचा हात थांबला. एवढी मोठी गाडी थांबली. पोरींसाठी थांबली नाही, पाटीसाठी थांबली नसती, आपल्यासाठी थांबली. तिनं मनातल्या मनात वाल्मीकला आणखी एक शिवी दिली, पोहरा परत पाण्यात सोडून दिला आणि रिकामा हंडा घेऊनच घरी आली. पाच वाजता शाळा सुटायच्या वेळेला ती तो हंडा घेऊन रस्त्यावर हजर होती.

आठ दिवसांत वस्तीतल्या सगळ्या आयांनी आपापली पोरं तिच्या मागं लावली. सदतीस पोरं! सकाळी साडेदहा आणि संध्याकाळी पाच. नवसाबाई पदर खोचून उभी राहायची. आत थेंब नाही हे लांबून कळावं म्हणून हंडा उपडा करून दाखवायची. मागं पोरांची रांग, एकानं दुसऱ्याचा सदरा धरलेला. तिनं रस्त्यावर पाय टाकला की दोन्ही बाजूंनी कचाकच ब्रेक लागायचे. एकदा लग्नाची जीप आली, तर वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यानं जीप नवरदेवासकट माघारी फिरवली. मुहूर्त टळला म्हणे, पण नवरदेव धडधाकट पोचला.

पोरं पार झाल्यावर खरी गंमत सुरू व्हायची. अपशकुन झाल्यावर जो पहिला पुढं जाईल, सगळं बालंट त्याच्यावर. मग पहिलं जाणार कोण? उभ्या जन्मात ज्यांनी कोणाला साईड दिली नव्हती, ते ड्रायव्हर आता खिडकीतून माना काढून एकमेकांना आग्रह करायला लागले.

"व्हा पुढं तुम्ही."

"छे छे, तुमचे टमाटे हायेत. नाशवंत माल, तुमचा मान."

"आमचे कच्चेच हायेत अजून, घाई नाय. तुम्हीच निघा."

घाई नाही! हा शब्द आग्रा रोडवर पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. असा आग्रह अर्धा अर्धा तास चालायचा आणि रांग पार ओझरपर्यंत जायची. शेवटी कोणीतरी शेजारच्या मळ्यातल्या म्हशी हाकलून आणायचा आणि पुढं घालायचा. म्हशींना शकुन-अपशकुन काही नसतो. त्या रवंथ करत पुढं गेल्या की मग गाड्या हलायच्या.

असं महिनाभर चाललं आणि एके दुपारी ड्रायव्हरांचं शिष्टमंडळ नवसाबाईच्या ओट्यावर आलं. पुढं वाल्मीक, मागं दहा-बाराजण. सगळ्यांनी चपला लांब काढल्या होत्या आणि कोणी तिच्या समोर बसत नव्हतं, सगळे बाजूबाजूला बसले होते.

"काकू," वाल्मीक म्हणाला, "तुझं काय म्हणणं हाय ते सांग. आम्ही सगळं मान्य करायला तयार हाय."

"माझं काय म्हणणं असणार? वस्ती आली की हळू या. पोरं दिसली की थांबा. मी आपली घरी बसते, मला काय हौस हाय उन्हात उभं ऱ्हायची?"

ड्रायव्हरांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणीतरी खाकरलं.

"हळू सोडून बोल," वाल्मीक म्हणाला.

"हळू सोडून माझं काईच म्हणणं नाय."

शिष्टमंडळ उठलं आणि वडाखाली जाऊन बसलं. तिथं बराच खल झाला. एकाचं म्हणणं पडलं, की घोळ बाईचा नाही, घोळ हंड्याचा आहे. हंडा भरला असता तर शकुनच होता. लगेच दोघांना पंचवटीत एका जोशीबुवांकडं पाठवलं. बुवांनी पंचांग चाळून निवाडा दिला, की बाई तशी असली तरी हंडा काठोकाठ असेल तर उणं-अधिक जाऊन शकुन बरा. झालं! ज्याचे टमाटे रोज रांगेत अडकायचे असा एक वजनदार पुढारी ड्रायव्हरांनी गाठला, आणि ज्या नळासाठी वस्ती बावीस वर्षं अर्ज करत होती तो नळ अकराव्या दिवशी आला. तोही कुठं? नवसाबाई जिथं उभी राहायची, बरोबर तिथं, रस्त्याच्या कडेला. हंडा भरायला ड्रायव्हरांनी आपल्यातलाच एक माणूसही नेमला, फकिरा नावाचा. उतरत्या वयाचा, बायको वारलेला, ट्रक चालवून कंबर धरल्यामुळं सध्या घरीच होता. पहिल्या दिवशी सव्वादहालाच तो येऊन उभा राहिला. नवसाबाई आली तसा मान खाली घालून म्हणाला, "आणा हंडा, भरून देतो."

वस्तीतल्या बाया खूश झाल्या. नवसाबाईलाही वाटलं, पाणी दारात आलं, चला, काहीतरी भलं झालं. भरला हंडा डोक्यावर घेऊन, पोरांची रांग मागं घेऊन ती रस्त्यावर उतरली, आणि समोरचा ट्रक थांबायच्या ऐवजी आणखी जोरात आला! भरला हंडा! केवढा शकुन! ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कपाळाला हात लावला आणि खिडकीतून एक नाणं फेकलं. मागच्यानंही फेकलं. पाऊण तास सगळे, समोरून लक्ष्मीच येत असल्यासारखे, हसत हसत, ऐंशीच्या स्पीडनं, नाणी उडवत चालले होते. अन् नाणं दिसल्यावर पोरं काय रांगेत राहतात? सृष्टी एका नाण्यामागं धावली. ट्रकच्या वाऱ्यानं तिचं दप्तर उडून पलीकडच्या चारीत पडलं, पोरगी अलीकडं पडली.

नवसाबाईनं तिला उचललं, अंग चाचपून पाहिलं. गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. मग ती वळली आणि तो काठोकाठ भरलेला हंडा तिनं फकिराच्या पायांवर ओतला.

"उद्यापासून ह्या नळाला हात लावला तर हात मोडीन," ती म्हणाली.

फकिरा ओल्या धोतरानं उभा राहिला. "मी कालच त्यांना म्हणत व्हतो," तो पुटपुटला, पण काय म्हणत होता ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हंडा रिकामा, पुन्हा ब्रेक, पुन्हा म्हशी. वडाखाली पुन्हा बैठक. आता दुसऱ्याचं म्हणणं पडलं, की घोळ हंड्याचा नव्हेच, घोळ कपाळाचा आहे. बाईचं लग्नच लावून दिलं तर? पहिल्यांदा सगळे हसले. मग हसू थांबलं आणि सगळ्यांच्या नजरा फकिराकडं वळल्या.

ते स्थळ घेऊन वाल्मीक आला. सोबत फकिरा, इस्त्रीच्या सदऱ्यात. ओट्यावर चढताना नवसाबाई समोरून आली तर तो सवयीनं थबकला आणि बाजूला झाला. तिला हसावं की रागवावं कळेना. आता माणूस वाईट नव्हता, हे तिलाही दिसत होतं. तिनं पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "पुन्हा गाडीवर जाणार का?"

"कंबर बरी झाली की जाणार की," फकिरा म्हणाला.

"किती स्पीडनं चालवता?"

फकिराला वाटलं, बाई कर्तबगारी विचारते आहे. तो जरा ताठ बसला. "मोकळी असली तर नव्वद. भरली तरी ऐंशीच्या खाली नाय."

"मग मला परत विधवा व्हायला किती दिवस लागतील?"

फकिरानं खरोखरच मनात हिशोब केला असावा. भांडं खाली ठेवलं, नमस्कार केला आणि निघून गेला.

दिवाळी गेली, थंडी पडली. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला आणि ड्रायव्हरांचा धीर सुटला. वाल्मीक मोतीरामकडं गेला. मोतीराम सरपंच असल्यामुळं त्याला अशा वेळी भाषण सुचायचं. तो म्हणाला, "अरे, बाईला अपशकुनी मानणं हीच मुळात अनिष्ट रूढी. आपण तिचा जाहीर सन्मान करू. संक्रांत आलीच आहे, भागीबाईच्या हातानं नवसाबाईला हळदीकुंकू लावू. सगळ्यांच्या देखत. एकदा लावलं की संपलं."

भागीबाई म्हणजे मोतीरामची बायको. दरवर्षी वस्तीतलं मोठं हळदीकुंकू तिच्याच घरी. ती स्वतः बोलावणं करायला आली. पुढच्या दारानं आली. हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन नवसाबाईच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "नवसाताई, शुक्रवारी चार वाजता या. तुम्ही पयल्या."

 भागीबाई गेल्यावर नवसाबाईनं ट्रंक उघडली, तळाची हिरवी इरकल काढली, उन्हात टाकली, घडी घातली, परत उलगडली. सून म्हणाली, "आई, घाला की आता, कोण काय म्हणतंय?" तर ही तिच्यावरच खेकसली. पण दिवसभर तिचं कशात लक्ष नव्हतं. एवढी मोठी बाई, लहान पोरीसारखी शुक्रवारची वाट बघत होती. आपल्याला अजून असं वाटतं याची तिला लाज वाटली आणि आनंदही झाला.

शुक्रवारी मोतीरामच्या अंगणात मांडव पडला. असं हळदीकुंकू नाशिक जिल्ह्यात कधी झालं नसेल. एका बाजूला बाया, आणि दुसऱ्या बाजूला पन्नास-साठ ड्रायव्हर, सगळे अंघोळ करून, टोप्या घालून सतरंजीवर मांडी ठोकून बसलेले! वाणसुद्धा त्यांनीच आणलं होतं, गाडीच्या मागं चिकटवायचं लाल रेडियम. बायांनी ते ओटीत घेतलं आणि करायचं काय याची कुजबूज सुरू झाली. नवसाबाई हिरवी इरकल नेसून पाटावर बसली होती. समोर तिचाच जर्मनचा हंडा, काठोकाठ भरलेला, त्याला झेंडूची माळ. तो फकिरानं भरून ठेवला होता.

मोतीराम रूढीवर बोलला, बराच वेळ बोलला. मग वाल्मीक उठला. त्याला भाषणाची सवय नव्हती, पण मनापासून बोलला. "नवसाकाकू आमच्या आईसारखी हाय. आम्ही तिला लय बोललो. चुकलं आमचं."  नवसाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "आजपासून काकू अपशकुनी नाय! ज्याच्या मनात असली जुनाट रूढी असंल त्यानं आजच काढून टाकावी. आजपासून काकू आडवी आली, हंडा रिकामा असला, तरी एकाही गाडीनं ब्रेक मारायचा नाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवसाबाईनंही दोन टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टाळीला तिचे हात मधेच राहिले.

भागीबाई करंडा घेऊन पुढं आली. हळदीचं बोट लागलं होतं की नव्हतं, कुंकवाचं बोट कपाळाशी आलं.

"भागीबाई, वाईच थांबा," नवसाबाई म्हणाली आणि ड्रायव्हरांकडं वळली. "मला कुंकू लागलं की माझ्यासाठी थांबणार नाय. बरोबर हाय. पोरांसाठी थांबताल का?"

"हो!" पन्नास-साठ गळ्यांतून एकदम आवाज आला. मास्तरांनी गृहपाठ केला का म्हटल्यावर सगळा वर्ग म्हणतो ना, तसा तो 'हो' होता.

"असं नाय. वाल्मीक, तू एकटा सांग. सृष्टीची आण घेऊन सांग."

 वाल्मीकनं टोपी काढून हातात घेतली.

"काकू, आण नको घालू," तो म्हणाला. "आता ह्या सतरंजीवर बसलोय तवर हो. पण एकदा गाडीत बसलो ना, का पाय माझा ऱ्हात नाय. मलाच कळत नाय काय व्हतं ते."

"अरे, काय बोलतोस हे, सन्मानाचा कार्यक्रम आहे!" मोतीराम ओरडला. मागून दोघांनी वाल्मीकचा सदरा ओढला. तो बसला नाही. रडवेला होऊन म्हणाला, "काकू, तू कुंकू नको लावूस."

भागीबाईचं बोट अजून तसंच होतं, कपाळापासून चार बोटांवर. नवसाबाईला ते कुंकू हवं होतं. खोटं कशाला बोला, त्या एका टिकलीसाठी तिचा जीव तुटत होता, आणि तिथल्या एकाही बाईला ते सांगावं लागलं नसतं. तिला वाटलं, हा वाल्मीक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? आपण विश्वास ठेवला असता, घरी जाऊन आरशात पाहिलं असतं.

"बोट पुसा, भागीबाई," ती म्हणाली. "पाच वाजत आले."

तिनं हंड्यावरची झेंडूची माळ काढून पाटावर ठेवली. हंडा उचलला आणि भर अंगणात, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत उपडा केला. पाणी सतरंजीखाली शिरलं, सगळे पाय आखडून उठले. ती कोणाकडं न बघता मांडवाबाहेर पडली. भागीबाई मागनं "नवसाताई, नवसाताई" करत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

शाळा सुटली होती. पोरं पलीकडं रांग धरून उभी होती. इकडून उसाचा ट्रक, तिकडून दोन लक्झऱ्या, त्यांच्या मागं आणखी काय काय, सगळे रोजच्यासारखे सुसाट. नवसाबाई रस्त्यात उतरली. हिरवी इरकल, रिकामा हंडा, मोकळं कपाळ, आणि आता तिला रडू आवरेना. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. दोन्ही हात हंड्याला होते, डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून ती तशीच हुंदके देत, मोठ्यानं, भर आग्रा रोडवर रडत उभी राहिली.

ट्रकवाल्यानं लांबूनच ते पाहिलं. एवढ्या दिवसांत हंडा रिकामा असायचा, कपाळ रिकामं असायचं, पण बाई रडत कधी नव्हती. याच्याहून वाईट शकुन कोणत्या पंचांगात असणार? त्यानं दोन्ही पाय ब्रेकवर दिले. समोरच्या लक्झरीनंही दिले, तिच्या मागच्यांनीही दिले. त्या दिवशी गाड्या रोजच्यापेक्षा पन्नास पावलं लांब थांबल्या आणि पोरांना इतका मोकळा रस्ता मिळाला, की ती पळाली नाहीत, एकमेकांच्या खोड्या काढत, रमतगमत घरी गेली.